शेतातलं अनोळखी तण: उपटण्याआधी ओळख पटवा

नवं तण दिसलं की लगेच रोटाव्हेटर फिरवायचा मोह होतो. तो टाळा. लव्हाळ्याच्या जमिनीत गाठी असतात, हरळीच्या कांड्यांना डोळे असतात. यंत्राने तुकडे केले की ते रानभर विखुरतात आणि जागोजाग फुटतात. म्हणून सुरुवात मुळापासून करा.

हातमोजे घाला, कारण गाजर गवतासारख्या तणाने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. झाडाभोवती वीतभर अंतर सोडून कुदळीने खणा आणि मातीसकट उचला. ओढून उपटलं तर गाठी खालीच राहतात आणि नेमकी खूण हातची जाते. माती पाण्यात सोडवून बघा: सोटमूळ आहे, तंतुमुळं आहेत, की आडवी कांडी?

मग खोड. दांडा दोन बोटांत फिरवा. तीन कडा लागल्या तर ते गवत नसून लव्हाळ्याच्या कुळातलं असण्याची शक्यता मोठी, आणि गवतावरचं तणनाशक त्यावर बहुधा वाया जातं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, तोडल्यावर चीक येतो का, चुरगळल्यावर वास कसला, हे टिपून ठेवा. चव मात्र कधीच घेऊ नका.

फोटो किमान सहा काढा: पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पान खोडाला जुळतं ती जागा, फूल किंवा फळ, मूळ. शेजारी मोजपट्टी ठेवा. खालची आणि वरची, दोन्ही पानं घ्या. पुष्कळ झाडांत ती अगदी वेगळी असतात. नुसत्या कोवळ्या रोपाच्या फोटोवरून मोबाइल ॲप सर्रास चुकतं. त्याने दिलेलं नाव हा अंदाज समजा आणि जाणकाराकडून पक्कं करून घ्या.

नमुना द्यायचा तर वर्तमानपत्रात पसरून वजनाखाली दाबा, पहिले काही दिवस कागद रोज बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं झाड कुजतं. फुलाचा रंग आधीच लिहून ठेवा, वाळल्यावर तो उडतो.

पसरण्याचा वेग कळायला तणाच्या कडेने खुंट्या ठोका आणि दर पंधरवड्याला बघा. पाटाच्या काठाने सरकतंय, की शेणखत टाकलं तिथेच उगवलंय? बी कुठून आलं ते यातून उमगतं. मात्र फुलं दिसू लागली तर नावाची वाट बघू नका: गाजर गवताचं एक झाड 10 हजारांहून जास्त बिया टाकू शकतं. फुलोरे कापून पिशवीत बांधा, उकिरड्यावर टाकू नका. बूट आणि अवजारं त्याच वावरात झटकून मगच बाहेर पडा.