मोठी मुशी होडीत घेताना या चुका टाळा

आठ-दहा फुटी मुशी, म्हणजे शार्क, गळाला लागली की होडीवर एकच धांदल उडते. कुणी आकडी, म्हणजे हुकाची काठी, शोधतो, कुणी दोर टाकतो, आणि विचार करायच्या आत जनावर आत आलेलं असतं. एवढी मोठी मुशी पाण्यातच राहू द्या, तिथेच दोर कापा, हे मी प्रत्येक नव्या खलाशाला पहिल्याच दिवशी सांगतो.

शेपटी धरली की तोंड लांब राहतं, असं समजू नका. मुशीच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. बऱ्याच जाती गर्रकन वळून शेपटीपर्यंत तोंड नेतात. कातडीवर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. एकदा शेपटीचा फटका माझ्या पोटरीला घासून गेला. जाड पँट फाटली आणि आतली सालं निघाली. दात लागलेच नव्हते.

निपचित पडली म्हणजे मेली, हा समज तर फार महागात पडतो. ती पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, आणि मेल्यावरही जबडा अचानक मिटू शकतो. गळ सोडवायला तोंडात हात घालू नका, गळ गेला तर गेला.

मला जास्त धास्ती वाटते ती होडीच्या तोलाची. कप्पीवरून मुशी उचलली, ती पाण्यातून सुटून लटकली, की तिचं सगळं वजन कप्पीच्या टोकाशी असल्यासारखं होडीवर येतं. डेकवर ठेवलेलं तेवढंच वजन इतका त्रास देत नाही. होडी एका अंगाला कलते, बघायला सगळे त्याच कडेला जमतात, तळाचं पाणीही तिकडेच धावतं. अशात आडवी लाट आली तर लहान होडी सावरत नाही. म्हणून तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, आधी सगळ्यांना दुसऱ्या बाजूला पाठवावं आणि एकाच्याच हातात सुरी द्यावी. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. मुशीने बुडी मारली तर माणूस दोरासकट जातो.

व्हेल शार्क असेल तर ती आत घ्यायचा प्रश्नच नाही. २००१पासून तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जाळं कापून सोडा आणि मोबाइलवर चित्रण करा. संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी महाराष्ट्रात २०१८ साली सुरू झालेली भरपाईची योजना आहे, २५,००० रुपयांपर्यंतची.

कुणाला चावा बसलाच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ते भिजलं तरी काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. व्हीएचएफवर, म्हणजे होडीच्या रेडिओवर, चॅनल १६ला हाक द्या, रेंज असेल तर तटरक्षक दलाला १५५४वर फोन करा. हे दोन्ही आकडे केबिनच्या दारावर रंगाने लिहून ठेवा, ऐनवेळी कुणालाच आठवत नाहीत.