पिच बदलण्याआधी आरपीएम नीट मोजा

सेस्ना १७२ या छोट्या विमानावर मॅकॉली कंपनीचा ७५५३ आकड्याचा प्रोपेलर पुष्कळदा दिसतो. ७५ इंच व्यास, ५३ इंच पिच. हवेत जराही न घसरता एका फेऱ्यात तो ५३ इंच पुढे जाईल, म्हणजे २७०० आरपीएमला (मिनिटाला २७०० फेरे) साधारण ११८ नॉट, ताशी सुमारे २१८ किलोमीटर. पिच हा विमानाचा गिअरच. ती जास्त झाली की खंडाळ्याचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढल्यासारखे होते: थ्रॉटल पूर्ण उघडा, तरी आरपीएम चढत नाही, इंजिनावर ताण येतो, सिलिंडर हेड तापतात. कमी झाली तर विमान चढते झकास, पण सरळ उड्डाणात टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा कमाल मर्यादेच्या लाल रेषेपलीकडे जायला बघतो.

पहिली परीक्षा जमिनीवर. जुहूला दुपारी खारा वारा सुटतो, म्हणून सकाळी लवकर करा. जागा झाडून घ्या, कारण एक खडासुद्धा पात्याची कड फोडतो. चाकांना ठोकळे लावा, तेल गरम होऊ द्या, मग काही सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन आकडा टिपा. लाल रेषा २७०० ची असली तरी उभ्या विमानाला २३०० च्या आसपासच मिळतात. वेग आला की पात्यांवरचा भार हलका होतो आणि आरपीएम चढतो. तुमच्या विमानाची नेमकी मर्यादा टाइप सर्टिफिकेटच्या (विमानाच्या प्रकाराला मिळालेल्या मान्यतेच्या) डेटाशीटमध्ये असते.

आकडा कमी आला तर लगेच प्रोपेलरला दोष देऊ नका. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) चालू राहिली आहे का? केबल थ्रॉटल शेवटपर्यंत उघडते का? ठिणगी देणारे मॅग्नेटो, एअर फिल्टर ठीक आहेत का? आणि मुख्य म्हणजे टॅकोमीटर खरे बोलतो का? पात्यांमुळे लुकलुकणारा प्रकाश मोजणाऱ्या ऑप्टिकल टॅकोमीटरने पडताळा, पण उघड्यावर. हँगरमधली साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांसाठी सेट केलेले यंत्र मग तीच लुकलुक मोजून इंजिन बंद असतानाही ३००० दाखवू शकते.

‘मे महिन्याचा उकाडा आहे, म्हणून आरपीएम कमी’ हे कारणही फारसे टिकत नाही. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, तसा पात्यांवरचा भारही घटतो. फरक थोडाच पडतो. घटते ती प्रोपेलरची विमानाला पुढे खेचणारी ओढ, म्हणून धावपट्टी मात्र जास्त लागते.

हलक्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिनावर पुष्कळदा जमिनीवर पिच बदलता येणारा प्रोपेलर असतो. गिअरबॉक्स २.४३ चा (इंजिनाच्या २.४३ फेऱ्यांना प्रोपेलरचा एक), म्हणजे इंजिन ५८०० ला असताना प्रोपेलर २३८७ वर फिरतो. इंजिन ५८०० वर फक्त ५ मिनिटे चालवायचे, सलग ५५०० पर्यंतच. पूर्ण थ्रॉटलला ५२०० च्या खाली अडकत असेल तर पिच जास्त आहे, ती कमी करा. इग्निशन बंद, किल्ली खिशात. प्रत्येक पाते एकाच आडव्या स्थितीत आणून, कंपनीने सांगितलेल्या अंतरावरच कोनमापक टेकवा. मधे विमान हलवू नका. एका वेळी अर्धा अंश पुरे. पात्यांच्या कोनांत फरक राहिला की थरथर येते. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा आणि पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा तपासा. सर्टिफाइड विमानाच्या प्रोपेलरला हात लावण्याचा अधिकार मात्र परवानाधारक इंजिनिअरचाच.

लाकडी प्रोपेलरला मुंबईची हवा वेगळीच छळते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि हबच्या (प्रोपेलरच्या मध्यभागाच्या) प्लेटखाली दबते, हिवाळ्यात आकसते आणि बोल्ट सैल पडतात. पावसाळ्यानंतर टॉर्क तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.