सार्वजनिक जागी सायकल लावताना कुलूप कुठे आणि कसे अडकवावे

सायकल रस्त्यावर लावायची वेळ आली की आपले लक्ष प्रथम कुलपाकडे जाते. ते आधी ज्याला सायकल बांधायची त्या खांबाकडे गेले पाहिजे. खांब दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावा, तो तळाशी काँक्रीटमध्ये रोवलेला आहे की फरशीवर नटबोल्टने नुसता बसवलेला आहे हे वाकून पाहावे, आणि मग नजर शेंड्यापर्यंत न्यावी, कारण खांब आखूड आणि वरून मोकळा असेल तर कुलपाला हातही न लावता सायकल कुलपासकट उचलून वरून काढता येते. तारेच्या जाळीचे कुंपण साध्या कटरने कापले जाते. कोवळे झाडही करवतीपुढे टिकत नाही, शिवाय साखळीच्या घर्षणाने त्याची साल सोलली जाते, म्हणून झाडाला सायकल बांधूच नये. पुढचे चाक खोबणीत अडकवण्याचे स्टँड दिसायला नीटनेटके असतात, पण त्यांत कुलूप बहुधा चाकापर्यंतच पोहोचते आणि फ्रेम मोकळी राहते. जमिनीत पक्का रोवलेला, उलट्या यू आकाराचा जाड लोखंडी स्टँड मिळाला तर थोडे अंतर चालावे लागले तरी सायकल तिथेच लावावी.

कुलपांत सर्वाधिक फसवणूक केबल लॉकमुळे होते. त्याची दिसणारी जाडी बरीचशी प्लास्टिकच्या आवरणाची असते, आणि आतला तारांचा पीळ हातातल्या कटरने काही सेकंदांत तुटतो. ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ अशा समजुतीने मी स्वतः अशा एकाच कुलपावर विसंबून सायकल गमावली आहे. परत आलो तेव्हा खांबाशी तुटकी केबल तेवढी पडलेली होती. केबल वापरायचीच असेल तर मुख्य कुलपाच्या जोडीला, पुढचे चाक बांधण्यापुरती वापरावी. मागच्या चाकावर कायम बसवलेले रिंग लॉक सायकलवर बसून पळून जाणाऱ्याला अडवते, मात्र खांद्यावर टाकून नेणाऱ्याला अडवू शकत नाही. स्वस्तातल्या नंबर लॉकच्या चकत्या ताण देऊन फिरवल्या तर योग्य आकडा सापडल्याचे बोटांना जाणवू शकते, त्यामुळे तेही एकट्याने पुरेसे नाही.

भरवसा ठेवावा तो कठीण केलेल्या पोलादाच्या यू-लॉकवर, म्हणजे इंग्रजी यूच्या आकाराची ताठ कडी असलेल्या कुलपावर, किंवा तशाच पोलादाच्या जाड साखळीवर. साखळीची कडी 16 मिलिमीटर जाडीची असेल तर हाताने चालवायचा बोल्ट कटर तिच्यापुढे सहसा हतबल ठरतो, पण अशी साखळी इतकी जड असते की रोज सोबत नेण्यापेक्षा ती नेहमीच्या एकाच जागी वापरणे सोयीचे पडते. कुलूप निवडताना वेष्टनावरच्या दाव्यांपेक्षा स्वतंत्र चाचणीचे मानांकन पाहावे: ब्रिटनमधील सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपांना ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा चढत्या श्रेणी देते, तर नेदरलँड्समधील आर्ट हे मानांकन ताऱ्यांच्या संख्येत असते. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे मात्र बहुतेक कुलपे फार वेळ तग धरत नाहीत. त्याचा कर्कश आवाज आणि उडणाऱ्या ठिणग्या हीच चोराची अडचण असते, आणि ती अडचण खरी ठरण्यासाठी सायकल सतत माणसांची ये-जा असलेल्या, उजेडाच्या जागी असावी लागते. आडोशाला लावलेली सायकल आपल्याला सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात तो आडोसा चोराच्याच उपयोगी पडतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कुलूप अडकवण्याची रीत. चांगले कुलूप नुसते पुढच्या चाकातून ओवले तर चोर चाक सोडवून तिथेच ठेवतो आणि उरलेली सायकल घेऊन जातो. म्हणून कुलपाच्या कवेत फ्रेम, मागचे चाक आणि खांब हे तिन्ही यावेत. लहान यू-लॉकमध्ये हे तिन्ही मावत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तिच्यावर शेल्डन ब्राउन या अमेरिकी सायकल मेकॅनिकने सुचवलेला उपाय मला सर्वांत पटतो. सीटच्या दांडीपासून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळ्यांचा जो त्रिकोण तयार होतो, त्या त्रिकोणाच्या आत मागच्या चाकाची रिम आणि टायर जिथे येतात, तिथेच कुलूप त्यांच्याभोवती व खांबाभोवती लावावे. कुलूप फ्रेमच्या नळीभोवती गेलेले नसले तरी कुलूप लागलेली रिम त्रिकोणातून बाहेर निघत नाही, त्यामुळे मागचे चाक आणि फ्रेम दोन्ही एकाच वेळी अडकतात. चोर रिमच कापेल ही शंका रास्त आहे. परंतु आऱ्यांच्या ताणाने रिम आतल्या बाजूला दाबलेली असते, त्यामुळे ती कापताना करवतीचे पाते अडकू लागते, आणि इतक्या खटाटोपानंतर हाती येते ती मोडक्या चाकाची सायकल.

यू-लॉक जितका लहान आणि त्याच्या आतली जागा जितकी भरलेली, तितके चांगले, कारण रिकाम्या जागेत पहार किंवा लहान जॅक घालून कुलूप फाकवता येते. साखळी लावतानाही ती जमिनीवर लोळू देऊ नये: जमिनीचा आधार मिळाला की हातोड्याचा घाव पूर्ण बसतो आणि बोल्ट कटरच्या एका दांड्यावर सगळे वजन टाकता येते. किल्लीचे भोक खाली झुकलेले राहील असे पाहावे, म्हणजे पाणी आत साचणार नाही आणि भोकाशी खटपट करणेही कठीण जाईल.

फ्रेम बांधली तरी सुटे भाग उरतात. चाक झटकन काढता यावे म्हणून इटलीच्या टुलिओ काम्पान्योलो यांनी ज्याचा प्रसार केला, तो क्विक रिलीजचा खटका शर्यतीतल्या सायकलस्वाराइतकाच चोरालाही सोयीचा आहे. शहरात रोज वापरायच्या सायकलला तो काढून साधे नट किंवा खास किल्लीनेच उघडणारे स्क्यूअर (आसातून जाऊन चाक धरून ठेवणाऱ्या सळया) बसवावेत, आणि सीटच्या क्लॅम्पलाही हाताने फिरणाऱ्या खटक्याऐवजी बोल्ट लावावा. दिवे, पंप, सायकल कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी सोबत न्यावी.

फ्रेमचा क्रमांक बहुधा पॅडलच्या आसाखाली, सायकल उलटी केल्यावर दिसेल असा कोरलेला असतो. त्याचा, संपूर्ण सायकलचा आणि खरेदीच्या बिलाचा फोटो काढून ठेवावा. चोरीची तक्रार नोंदवताना ‘काळ्या रंगाची गिअरची सायकल’ या वर्णनाचा उपयोग फार थोडा, या क्रमांकाचा मात्र मोठा. सायकल विक्रीला ठेवलेली पुढे कुठे दिसली, तर स्वतः एकट्याने गाठायला न जाता हाच क्रमांक पोलिसांकडे द्यावा.

त्या फोटोंचा आणखी एक प्रसंगी उपयोग होतो. परत आल्यावर आपल्या सायकलला भलतेच कुलूप लावलेले दिसले, किंवा टायर मुद्दाम फोडलेला आढळला, तर ती कुणाची चूक किंवा खोडी समजून सायकल रात्रभर तिथे सोडू नये. मालकाने हताश होऊन निघून जावे आणि रात्री निवांतपणे काम उरकता यावे, यासाठी वापरली जाणारी ही युक्ती असू शकते. फुटक्या टायरची सायकल हाताने ढकलत न्यावी. परके कुलूप असेल तर पोलिसांना कळवून ते त्याच दिवशी कापून घ्यावे, आणि कापणाऱ्याने सायकल आपली कशावरून असे विचारले तर फोनमधला क्रमांक आणि बिल त्याला दाखवावे.