रहदारीत सायकल : कडा सोडून चालवण्याचे तंत्र

बऱ्याच वर्षांनी सायकल हाती घेतलेली माणसे रस्त्यावर उतरली की अंग चोरून, डाव्या कडेला जवळजवळ घासत चालवू लागतात. ही सावधगिरी वाटते, पण पुण्यासारख्या शहरात तीच अधिक धोक्याची ठरते. माती, खडी, खचलेली चेंबरची झाकणे आणि डांबराचा तुटलेला काठ हे सगळे कडेलाच असते; त्यातला एखादा खड्डा चुकवण्यासाठी सायकलस्वार अचानक उजवीकडे येतो आणि मागच्या मोटारचालकाला त्याची मुळीच कल्पना नसते. शिवाय कडेला चिकटलेल्या सायकलीशेजारून, पुरेशी जागा नसतानाही, गाडी काढण्याचा मोह मागच्याला होतो. म्हणून कडेपासून साधारण एक मीटर अंतर राखून सरळ रेषेत चालवावे. पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवर, जिथे मोटार आणि सायकल शेजारी शेजारी मावणारच नाहीत, तिथे थोडा वेळ मधूनच जावे आणि रुंदी मिळताच डावीकडे सरकून वाट द्यावी. मागून हॉर्न वाजेल. त्याने दचकू नये. हॉर्न वाजवणाऱ्याने निदान आपल्याला पाहिलेले असते.

सरळ रेषेत चालवणे वाटते तितके सोपे नाही. उजव्या खांद्यावरून मागे पाहिले की हँडलही नकळत उजवीकडे वळते, आणि नेमके त्याच क्षणी कोणी तरी शेजारून जात असते. यासाठी एखाद्या मोकळ्या मैदानात आखलेल्या रेषेवरून सायकल चालवत, मान वळवून मागे पाहण्याचा आणि मग उजवा हात आडवा धरून एका हाताने तोल सांभाळण्याचा सराव करावा. हे अंगवळणी पडेपर्यंत गर्दीच्या रस्त्यावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेकचा सरावही तिथेच व्हावा. आपल्याकडील बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तरीही स्वतःच्या सायकलीचा तपासून घ्यावा. थांबताना वजन पुढच्या चाकावर येत असल्यामुळे पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो; मात्र वळणावर किंवा वाळूवर तो एकदम दाबल्यास चाक घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावावेत.

उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना दार उघडले तरी लागणार नाही इतके अंतर ठेवावे. चालकाच्या जागी कोणी बसलेले दिसत असेल किंवा पुढचे चाक रस्त्याकडे वळलेले असेल, तर वेग कमी करावा. रिक्षाच्या बाबतीत रिक्षाकडे पाहून भागत नाही. पुढे पदपथावर हात वर करून उभा असलेला प्रवासी आधी शोधावा, कारण तो दिसताच रिक्षा डावीकडे कापणार हे जवळजवळ ठरलेले असते. थांब्यावरच्या बसच्या डावीकडून कधीही जाऊ नये. मागे थांबावे, अथवा मागे पाहून, हात दाखवून उजवीकडून पुढे जावे.

सर्वांत जास्त जपावे ते ट्रक, डंपर आणि सिमेंटच्या मिक्सरला. सिग्नलला अशी गाडी उभी असताना तिच्या डावीकडच्या फटीतून पुढे सरकणे टाळावे. चालक उजव्या बाजूला उंचावर बसलेला असतो आणि केबिनच्या डाव्या अंगाला खेटून असलेली सायकल त्याला बहुधा दिसत नाही. त्यातच गाडी डावीकडे वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे सुरुवातीला मोकळी वाटणारी जागा वळण पूर्ण होता होता नाहीशी होते. अशा गाडीच्या मागेच थांबण्यात अर्धे मिनिट जाते, ते जाऊ द्यावे.

अलका चौकासारख्या, अनेक रस्ते एकत्र येणाऱ्या ठिकाणी उजवीकडे वळायचे असल्यास मधल्या गर्दीत शिरण्याची सक्ती नाही. हिरव्या दिव्यावर सरळ पलीकडे जावे, तिथे डाव्या कोपऱ्यात सायकल वळवून उभी करावी आणि त्या बाजूचा सिग्नल मिळाल्यावर निघावे. फर्ग्युसन आणि जंगली महाराज या एकेरी रस्त्यांवर वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने सायकल दामटणारे दिसतात. गल्लीतून बाहेर पडणारा चालक त्या दिशेला पाहतच नसतो.

पावसाळ्यात डबक्यातून सायकल घालू नये, कारण खाली काय आहे ते कळत नाही. लोखंडी झाकणे, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गुलमोहराच्या पडलेल्या पाकळ्या यांवरून जाताना वळू नये आणि ब्रेकही लावू नये. रिमवर दाबणारे ब्रेक भिजल्यावर उशिरा पकडतात, तेव्हा नेहमीपेक्षा बरेच आधी थांबायला लागावे. पुढे पांढरा व मागे लाल दिवा हवाच. पावसाळी दुपारीही तो सुरू ठेवावा.

पहिल्यांदा नव्या मार्गाने जायचे असेल तर रविवारी सकाळी सातच्या सुमारास जाऊन खड्डे, गतिरोधक आणि वळणे पाहून ठेवावीत. मोटारीचा नेहमीचा रस्ता सायकलीलाही सोयीचा असतो असे नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरून डेक्कनला येणाऱ्याने कर्वे रस्त्याच्या गर्दीपेक्षा प्रभात रस्ता धरावा. तिथे झाडांची सावलीही मिळते.