पाण्याचा कॅमेरा घेताय? मीटर नंतर, झाकण आधी बघा

एप्रिल उजाडला की नात्यातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. भाचरं सुट्टीला येणार, शेतातल्या विहिरीवर पोहणं होणार, आणि पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलचा प्रश्न ठरलेला असतो : "दहा मीटरवाला घेऊ का पंधरा मीटरवाला?" १५ मीटर म्हणजे पाच मजली इमारत. आपली पोरं पाच मजले खाली जाऊन फोटो काढणार आहेत का? आपला कॅमेरा भिजतो तो विहिरीतल्या वरच्या हातभर पाण्यात, नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याच्या तुषारांत, रंगपंचमीला, नाहीतर आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर. एवढ्या पाण्याला बाजारातला कुठलाही बरा वॉटरप्रूफ कॅमेरा पुरतो. कॅमेरा मरतो तो खोलीमुळे नाही, झाकणामुळे. माझ्या हातून एक मेला आणि एक मरता मरता वाचला, म्हणून हे लिहितोय.

फोनवर भागतंय का?

तुमच्या फोनवर आयपी६८ (धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारी खूण) लिहिलेलं असेल आणि तुम्हाला फक्त पावसातले फोटो हवे असतील, तर पैसे वाचवा, पुढचं वाचू नका. पाण्याखाली मात्र फोनचा टचस्क्रीन वेड्यासारखा वागतो. शिवाय फोन विहिरीत गेला की बँक, ओटीपी, गॅसचं बुकिंग सगळंच त्याच्याबरोबर जातं. कॅमेरा गेला तर फक्त कॅमेरा जातो.

या आयपीच्या आकड्यांबद्दल दुकानात जे सांगतात त्यातलं अर्धं सोडून द्या. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीत ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. तिथे एक्स असेल तर धुळीबद्दल काहीच सांगितलेलं नाही, असा अर्थ घ्यायचा. सोलापूरची धूळ आणि रंगपंचमीचा कोरडा रंग बघता हा पहिला आकडा आपल्याला पाण्याइतकाच लागतो. पाण्यात ७ म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते. दोन्ही चाचण्या स्वच्छ, गोड्या पाण्यात होतात. जोराच्या धारेची परीक्षा वेगळी असते, तिचे आकडे ५ आणि ६. म्हणजे ८ मिळवलेला कॅमेरा शेतातल्या मोटरच्या धारेखाली टिकेलच असं नाही. पोरं नेमकी तिथेच बसतात.

कॉम्पॅक्ट की ॲक्शन कॅमेरा?

सायकलवर, डोक्यावर, छातीवर बांधून व्हिडिओच काढायचे असतील तर गोप्रो किंवा डीजेआयचा ॲक्शन कॅमेरा. माणसांचे चेहरे, सण, जेवणाची पंगत, किल्ला असं रोजचं काढायचं असेल तर झूम आणि फ्लॅश असलेला कॉम्पॅक्ट. दोन्ही कामं एकाकडून करून घेऊ म्हणणारा दोन्हीकडे कुरकुरतो.

कॉम्पॅक्टमध्ये निवड फार उरलेली नाही. ओएम सिस्टम टीजी-७ (पूर्वीचं ऑलिंपस, २०२३ चं मॉडेल, १५ मीटर, १२ मेगापिक्सेल) आणि रिकोची डब्ल्यूजी मालिका (डब्ल्यूजी-८० ला १४ मीटर आणि १६ मेगापिक्सेल, डब्ल्यूजी-८ ला २० मीटर). निकॉनचा डब्ल्यू३०० तीस मीटर जायचा आणि पॅनासॉनिकचा एफटी७ एकतीस. दोघांचंही उत्पादन बंद झालंय. मीटरच्या शर्यतीने कुणाचं भलं झालं ते यावरून बघा.

झाकण : इथे सावकाश वाचा

कधीमधी पाण्यात जाणारा माणूस वर्षातून चारदा झाकण उघडतो. रोज वापरणारा माणूस ते दिवसातून दोनदा उघडतो, एकदा बॅटरीसाठी आणि एकदा कार्डासाठी. प्रत्येक उघडझाप ही कॅमेऱ्याची परीक्षा असते आणि त्यातली एक चुकली तरी खेळ संपतो. कुकरच्या रिंगेवर भाताचं एक शीत अडकलं की शिट्टी होत नाही, वाफ बाजूने जाते. इथे तेच होतं, फक्त पाणी उलट्या दिशेने येतं.

माझा पहिला कॅमेरा कसा गेला ते सांगतो. आम्ही नळदुर्गला गेलो होतो, पाऊस होता, कॅमेरा चिंब. मी मोठ्या काळजीने तो पुसला, आपल्याच सोलापूरच्या कोऱ्या करकरीत टेरी टॉवेलने. पुसला, झाकण उघडलं, बॅटरी बदलली, बंद केलं, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी भाच्याने विहिरीत मारलेला पहिला सूर टिपायला गेलो. दीड मिनिटात पडद्यावर आडव्या रेघा, मग काळोख. घरी उघडला तर झाकणाच्या रबरावर टॉवेलच्या लवेचा एकच पांढरा तंतू आडवा पडलेला, केसाएवढा. बाकी सगळं जागच्या जागी. ज्या गावचा टॉवेल देशभर जातो, त्या गावात माझा कॅमेरा टॉवेलनेच बुडवला. दुकानदाराने विकताना सांगितलं होतं, "काय होत नाय ओ, बिनधास्त टाका पाण्यात." दुरुस्तीला नेल्यावर तोच म्हणाला की पाणी गेलं तर वॉरंटी नसते.

तेव्हापासून कुठलाही कॅमेरा हातात आला की आधी मी त्याचं झाकण बघतो. फोटो नंतर.

किती दारं, म्हणजे झाकणं, आहेत ते मोजा. काही कॅमेऱ्यांना बॅटरी-कार्डाचं एक दार आणि चार्जिंगच्या पिनेचं दुसरं दार असतं. दोन दारं म्हणजे दोन रबरं, म्हणजे जपायला दोन जागा. असा कॅमेरा घेतला तर बाहेरचा चार्जर आणि एक जास्तीची बॅटरी त्याच दिवशी घ्या आणि पिनेचं दार कायमचं विसरून जा. टीजी-७ ची बॅटरी एका चार्जवर सुमारे ३३० फोटो देते. दोन बॅटऱ्यांत लग्न सोडून काहीही उरकतं.

कुलूप दुहेरी आहे का? एक खिटी सरकवायची आणि दुसरी ती अडवणारी. एकेरी खिटी खिशात घासून उघडते. काही कॅमेऱ्यांत कुलूप पूर्ण लागलं नसेल तर रंगीत खूण दिसते, ती असेल तर फारच उत्तम. दुकानात उभं राहून दहा वेळा उघडा, बंद करा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. दहाव्या वेळी खिटी पहिल्यासारखीच टक् करून बसली पाहिजे. आणि ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनीही ती लागली पाहिजे. तुम्ही ती तशाच बोटांनी लावणार आहात.

रबराची पट्टी कुठे आहे ते बघा. ती दाराच्या आतल्या बाजूला उठून दिसत असेल तर पुसता येते. खोबणीत खोल दडलेली असेल तर कचरा तिथेच राहतो.

फोटो फोनवर बिनतारी जातात का? ही सोय मला चैन वाटायची. आता ती पहिल्या तीन अटींत आहे, कारण कार्ड काढावं लागलं नाही तर दार उघडावं लागत नाही.

वापरताना दार उघडायचं ते घरात, फॅन बंद करून, कोरड्या हातांनी. पंढरपूरच्या वाळवंटात कधीच नाही. चंद्रभागेची वाळू एकदा रबरावर बसली की ती तुम्हाला दिसण्याआधी तिचं काम झालेलं असतं. कडा पुसायला चष्म्याचं कापड घ्या आणि फोनची टॉर्च तिरकी धरून बघा, केस, लव लगेच चमकते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. खोबरेल, व्हॅसलीन, शिलाई मशीनचं तेल यातलं काही कंपनीने सांगितल्याशिवाय लावू नका, तेलाने रबर फुगू शकतं. आमच्या मेहुण्यांनी प्रेमाने खोबरेल लावलं होतं. त्यांना मी काही बोललो नाही, पण तो कॅमेरा पुन्हा पाण्यात जाऊ दिला नाही.

वापरून झालं की दार बंद ठेवूनच तो गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा आणि सावलीत वाळवायचा. बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे पापुद्रे धरतात आणि ते दाराच्या फटीत बसतात. महापालिकेचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी एक बादली बाजूला ठेवा. साबणाचं पाणीही नको.

हे रबर कायमचं नसतं. कंपन्याच साधारण वर्षातून एकदा ते बदलून घ्यायला सांगतात, पैसे देऊन. म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा : रबर कोण बदलतं, कुठे, किती दिवसांत? उत्तर पुण्या-मुंबईचं असेल तर जाण्या-येण्याचे दिवस धरा. उत्तरच नसेल तर तो कॅमेरा एका वर्षाचा आहे असं समजून किंमत लावा. आणि याच कारणाने जुना, वापरलेला वॉटरप्रूफ कॅमेरा घेऊ नका, मग तो सख्ख्या भावाचा का असेना. त्याचं दार कुणी कसं उघडलं, काय माहीत?

उजेड

या कॅमेऱ्यांचं भिंग बाहेर येत नाही, अंगातल्या अंगात वळवून बसवलेलं असतं. म्हणून ते पाणी अडवू शकतात, आणि म्हणूनच त्यांचा सेन्सर नखाएवढा असतो. मेगापिक्सेल १२ की २०, हा वाद इथे निरर्थक आहे. भिंगावरचा एफचा आकडा बघा, तो जितका लहान तितका उजेड जास्त. टीजी-७ चं भिंग एफ/२.० ला उघडतं, डब्ल्यूजी-८० चं एफ/३.५ ला, दोन्ही झूम न करता. फरक पावणेदोनपट वाटतो, पण आत येणारा उजेड तिप्पट होतो. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या) रात्री पाळण्यांच्या दिव्यांत तेवढ्याने माणूस ओळखू येतो. तरीही खरं सांगतो, शोभेच्या दारूकामाचे फोटो यातल्या एकाकडूनही मला मनासारखे मिळालेले नाहीत. त्या रात्री मी फोनच काढतो.

व्हिडिओ

फोरके (जास्त बारकाईचं चित्रण) असेल तर बरं, नसेल तर अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर असेल तर मंगल कार्यालयातल्या व्हिडिओत काळे पट्टे वाहतात. मेनूत २५ किंवा ५० फ्रेमचा पर्याय आहे का ते दुकानातच बघा, आणि दुकानातल्याच ट्यूबखाली अर्धा मिनिट चित्रण करून बघा. कार्ड व्ही३० ही वेगाची खूण असलेलं घ्या. १०० एमबीपीएसचा फोरके मिनिटाला साधारण ७५० एमबी खातो, म्हणजे ६४ जीबीत दीड तासही नाही. पाण्यातून वर आल्यावर माइकच्या भोकांत थेंब बसतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दोनदा झटका, मग बोला.

ऊन

बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा ४० अंशांची. मे महिन्यात आपली सावलीच ४३ ची असते. माझा दुसरा कॅमेरा मरता मरता वाचला तो असा : गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर तापला आणि तसाच विहिरीच्या गार पाण्यात गेला. भिंगाला आतून घाम. पाणी शिरलं समजून मी हळहळलो, पण दुसऱ्या दिवशी धुकं आपोआप गेलं. ते झाकण बंद करताना आत कोंडलेल्या दमट हवेचं होतं. म्हणून झाकण कोरड्या, गार खोलीत बंद करावं, कॅमेरा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत न्यावा (बर्फाशेजारी नाही), आणि विहिरीत उतरण्याआधी सावलीतल्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवून त्याला निवू द्यावा.

बिल आणि बादली

पक्कं बिल, भारतातली वॉरंटी. "बिल नको, दोन हजार कमी करतो" याला नाही म्हणा.

घरी आणल्याच्या पहिल्याच संध्याकाळी बॅटरी आणि कार्ड काढून ठेवा. त्या रिकाम्या खाचेत टिश्यू पेपरची घडी ठेवा, कडेला अडकणार नाही अशी. कुलूप लावा आणि बादलीत अर्धा तास बुडवा. बाहेर काढून नीट पुसा, वाळू द्या, मगच उघडा. टिश्यू कोरडा तर कॅमेरा तुमचा. ओला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बिलासकट दुकानात. पूजा आणि पहिला फोटो त्यानंतर.

आणि त्याच बादलीत तरंगणारा पट्टा लावून एकदा कॅमेरा सोडून बघा. टीजीसारखा कॅमेरा पाव किलोचा असतो आणि दगडासारखा बुडतो. काही पट्टे एवढं वजन पेलत नाहीत, खालीच जातात. विहिरीच्या तळाच्या गाळात एक कॅमेरा आमच्या गावचा आहे. तो माझा नाही.