सोलर, गीझर आणि सेन्सर : पाणी तापवताना या चुका टाळा

घर तापवण्यातील कार्बन कमी करण्याविषयी जे वाचायला मिळते, ते बहुतेक ब्रिटन-युरोपातील असते. तेथे गॅसच्या बॉयलरने खोल्या उबदार ठेवतात, म्हणून तापमान मोजणारे सेन्सरही खोलीत बसवतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तरी आपण स्वेटर घालतो, खोली तापवत नाही. आपल्या घरातील उष्णतेचा खर्च आंघोळीच्या पाण्यावर होतो. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४.६५ युनिट वीज लागते आणि ग्रिडच्या प्रत्येक युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोजच्या शंभर लिटरमागे तीन किलोंहून अधिक. ही उष्णता सूर्याकडून किती आली आणि विजेकडून किती, हे सेन्सर सांगू शकतो. परंतु सोसायट्यांच्या गच्च्यांवर गेल्यावर त्याच त्या चुका दिसतात आणि त्या आता पाहवत नाहीत.

८५ अंशांवर आंधळा विश्वास

डीएस१८बी२० हा स्टीलच्या नळीत बंद केलेला स्वस्त सेन्सर सगळेच वापरतात आणि तो चांगलाही आहे. मात्र वीज मिळाल्यापासून पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे ८५ हाच आकडा असतो, आणि सर्वांत बारीक मोजमापास पाऊण सेकंद लागतो. सेन्सरकडून उत्तरच आले नाही, तर नेहमीच्या वापरातला प्रोग्रॅम उणे १२७ दाखवतो. हे दोन्ही आकडे तापमान नव्हेत. माहितीपत्रक उघडण्याचा कंटाळा करणाऱ्यांना मात्र ते तापमानच वाटतात.

बाणेरकडच्या एका सोसायटीत कमिटीतील एका उत्साही सभासदाने सोलरच्या टाकीला असा सेन्सर लावला आणि टाकी ६० अंशांवर गेली की विजेचा हीटर बंद, असा नियम घातला. गच्चीवरील वायरचा जोड नुसत्या चिकटपट्टीचा होता. पावसाचे पाणी शिरून तो सैल झाला, सेन्सर पुनःपुन्हा बंद पडून चालू होऊ लागला आणि प्रत्येक वेळी ८५ सांगू लागला. हीटर बंद, नळाला गार पाणी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रारींचा भडिमार. जोड उघडून पाहण्याऐवजी वायरमनकडून हीटर थेट जोडून घेण्यात आला आणि पावसाळा संपून थंडी आली तरी तो दिवसरात्र तसाच चालू राहिला. रात्रभर विजेने टाकी तापून राहिल्यावर सकाळी उगवणाऱ्या सूर्यास करण्यासारखे काही उरत नाही. पडद्यावर मात्र ८५ झळकत होते आणि सोलर उत्तम चालल्याबद्दल कमिटी समाधानी होती. पहाटे तीन वाजता ८५ अंश दाखवणारा सोलर कोणालाच खटकला नाही.

माझी सवय अशी की सरासरी काढण्यापूर्वीच नेमके ८५.० आणि उणे १२७ हे आकडे वगळायचे. नऊ मोजमापे ६० ची आणि एक उणे १२७ चे असले, तर सरासरी ४१.३ येते आणि तापलेल्या टाकीवरही हीटर सुरू होतो. कलेक्टरजवळ, म्हणजे ऊन शोषणाऱ्या पॅनेलजवळ, पाणी खरोखर ८५ अंशांवर जाऊ शकते, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे मोजमाप पाहूनच निर्णय घ्यावा. सलग काही मोजमापे वाया गेली, तर नियंत्रण साध्या घड्याळी टायमरकडे जावे. जोड डाग देऊनच (सोल्डर करून) करावा. चिकटपट्टीचा जोड उघड्या गच्चीवर पुण्याचा एक पावसाळासुद्धा काढत नाही.

हीटर थर्मोस्टॅटवर चोवीस तास सोडणे हा त्याच आळसाचा दुसरा अवतार आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास टाकीचे तापमान पाहून उद्याच्या सकाळचा निर्णय घ्यावा आणि गरज असलीच तर हीटर पहाटे चारला सुरू करावा. पावसाळ्यात तो रोज लागेल, ते मान्य करावे.

सेन्सर हाताला सापडेल तिथे बसवणे

गरम पाणी टाकीत वर राहते आणि गार तळाशी, हे शाळेत शिकलेलेच असते. तरीही शिडी लावायचा कंटाळा म्हणून तळच्या नळीवर सेन्सर बांधला जातो. सकाळी दोन-चार घरांच्या आंघोळी झाल्या की खाली गार पाणी शिरते, सेन्सर २५ सांगतो आणि वर भरपूर गरम पाणी असतानाही हीटर सुरू होतो. वर एक आणि खाली एक, असे दोन सेन्सर लावावेत. हीटरचा निर्णय वरच्यावर घ्यावा आणि खालच्यावरून सूर्यासाठी किती जागा उरली आहे ते पाहावे. नळीवर बाहेरून बांधलेल्या सेन्सरला उष्णतावाहक पेस्ट आणि वरून इन्सुलेशन नसेल, तर तो पाणी आणि हवा यांच्या मधलाच काहीतरी आकडा देतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. करंट मोजणारा क्लॅम्प फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर एकत्र लावला, तर तो शून्य दाखवतो. एकाच तारेवर लावावा. नोंदी ठेवणाऱ्या यंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर न लावल्यास सकाळी साडेसहाच्या आंघोळी आलेखात मध्यरात्री एकला दिसतात, आणि मग कमिटीत रात्रपाळीच्या भाडेकरूंवर संशय घेतला जातो. वीज वाचवण्यासाठी साठ्याचे पाणी कायम ४५ अंशांवर ठेवू नये, कारण कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. मी साठा ६० वर ठेवतो आणि नळाशी मिसळून घेतो. गरम पाणी फिरवणारा पंप दिवसभर चालवला, तर नळ्यांमधूनच उष्णता वाया जाते. परतीच्या नळीवर सेन्सर लावून पंप सकाळपुरता चालवावा.

गॅस गीझर बसवल्यावर विजेचा आलेख खाली येतो आणि कार्बन कमी झाला असे जाहीर होते. गॅस विजेच्या मीटरवर दिसत नाही इतकेच. त्याचे मीटर वेगळे वाचावे लागते, आणि बंद न्हाणीघरातील कार्बन मोनॉक्साइडचा धोका निराळाच.

हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप घेणाऱ्यांनी पाटीवर लिहिलेली कार्यक्षमता आपल्या टाकीला तशीच लागू धरू नये. नुसत्या करंटवरून ती कळत नाही. पाण्याचा प्रवाह आणि आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमानही मोजावे लागते. आणि मेमध्ये बसवलेल्या यंत्राची तुलना आधीच्या डिसेंबरशी करू नये. उन्हाळ्यात नळाचे पाणी मुळातच कोमट येते, त्या बचतीचे श्रेय यंत्राला देता येत नाही.