बधिर पायाला विचारून माप ठरवू नका

उपचारात्मक पादत्राणे आणि इनसोल बसवण्याच्या या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांना पदवीची माहिती बहुधा असतेच, म्हणून ती थोडक्यात आटोपते. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचा (कृत्रिम अवयव आणि आधार देणारी साधने बनवण्याचा) पदवी अभ्यासक्रम सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा आहे, आपल्या सीमाभागातील मुलांना मुंबईतील हाजीअलीची केंद्रीय संस्था भाषेच्या दृष्टीने सोयीची पडते, आणि १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय दाराला पाटी लावायची नसते. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या पहिल्या वर्षाविषयी, कारण त्या वर्षी माझ्या हातून एका माणसाच्या पायाला जखम झाली.

चिकोडीकडचे एक ऊस उत्पादक शेतकरी जुन्या मधुमेहामुळे माझ्याकडे आले होते. आमच्याकडे ‘मुंग्या येतात’ आणि त्याच अर्थाचे कन्नड ‘जोमु हिडिदैति’ ही दोन्ही वाक्ये एकाच दमात कानावर पडतात, तशीच त्यांची तक्रार होती. मी त्यांना डोळे मिटायला सांगून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने, तपासणी केली आणि दोन्ही चवड्यांवर स्पर्श कळत नसल्याची नोंद माझ्याच अक्षरात केली. त्यानंतर पाचच मिनिटांनी नवी चप्पल त्यांच्या पायात चढवून मी विचारले, “काका, कुठे आवळते का?” ते समाधानाने म्हणाले, “नोवु इल्ल (दुखत नाही), बाई. अगदी बेताची बसली.” मी पैसे घेतले आणि त्यांना निरोप दिला.

आठ दिवसांनी ते पायाला फडके गुंडाळून आले. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला, फोड येऊन फुटला होता, आणि तोही त्यांना स्वतःला कळलेला नव्हता. सुनेला फरशीवर ओलसर डाग दिसले, तेव्हा घरात शोध सुरू झाला होता. जखम भरायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपे गेले असते.

चूक नेमकी कुठे होते ते नीट समजून घ्या, कारण पुस्तकात वाचूनही आपण तिथेच फसतो. ज्या पायाला स्पर्श कळत नाही, त्या पायाच्या मालकाला माप विचारणे व्यर्थ आहे. त्यातही वाईट हे की त्याचे उत्तर उलट्या दिशेने चुकते. बरोबर मापाची चप्पल त्याला जाणवतच नाही, म्हणून ती सैल वाटते. घट्ट चप्पल थोडीफार जाणवते, म्हणून ती ‘नीट बसली’ असे तो मनापासून सांगतो. शिवाय जखम व्हायला मोठा दाब लागतो, असेही नाही. हाडाच्या उंचवट्यावर हलकाच दाब तासन्‌तास राहिला, तरी तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी आतून मरते. तुमचा किंवा माझा पाय असता तर अर्ध्या तासात चप्पल चावली असती आणि आपण ती काढून फेकली असती.

म्हणून माप डोळ्यांनी आणि हातांनी घ्यावे. रुग्णाला उभे करून, शक्यतो संध्याकाळी सूज उतरण्याआधी माप घ्यावे. आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त असावी. आणि लांबी सर्वांत लांब बोटापासून मोजावी, कारण ते बोट दर वेळी अंगठाच असेल असे नाही. पायाचा आराखडा काढताना पेन्सिल उभी धरावी, आत कलली की चवडा कागदावर अरुंद होतो. मग २०-३० मिनिटे चालवून पाय उघडा पाहावा. पुस्तकात लाली शोधायला सांगितलेली असते, पण ऊन खाल्लेल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. अशा वेळी हाताची मागची बाजू दोन्ही पायांच्या त्याच जागी लावून पाहावी. एक जागा दुसरीपेक्षा गरम लागली, तर चप्पल पुन्हा यंत्रावर चढवावी. पहिल्या दिवशी ती दीड-दोन तासच वापरायची आणि रोज रात्री घरच्या कोणीतरी तळवा पाहायचा, हे रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला सांगावे, एकट्या रुग्णाला नव्हे. वयस्क मंडळी ‘पायाला हात लावू नका’ म्हणून संकोचतात, पण हात लावावाच लागतो.

पायाचा फोटो पाठवला की घरपोच इनसोल देणाऱ्या सेवांविषयी माझे मत वाईट आहे आणि ते बदलण्याची शक्यता नाही. स्कॅनरला माझा विरोध नाही. मात्र पाय हातात न घेता स्कॅनर चालवणारा माणूस मला धोकादायक वाटतो. ज्या ज्येष्ठांकडे मी उमेदवारी केली, त्यांनी वर्षभर मला नोंदवह्या भरायला लावल्या. रापी आणि आरी धरायला मला शिकवले ते अथणीकडच्या एका चपला करणाऱ्या मामांनी. घरी ‘एवढे शिकून चामड्याचे काम’ म्हणून नाराजी होती, ती अजूनही पुरती गेलेली नाही. तुम्हाला पर्याय असेल, तर अशा कारागिराजवळ तीन महिने बसा.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, त्यामुळे ‘आमचीच चप्पल वाईट कशी’ हा प्रश्न तुम्हाला हमखास ऐकावा लागेल. चप्पल वाईट नाही. खिळ्याऐवजी वादीने शिवण्याची तिची पद्धत तर आपणही उचलावी, कारण बधिर पायाखाली खिळा नकोच. मात्र तिचा तळ कडक असतो आणि मागे पट्टा नसतो, त्यामुळे ती वाटेत निसटली तरी असा रुग्ण तसाच अनवाणी पुढे जातो. मी वर एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचे मऊ रबर घालते (कडकपणा शोअर मापाने सुमारे १५), मागे पट्टा लावते आणि रंग तोच तांबूस ठेवते. रंगामुळे पुष्कळ वाद मिटतात.

पहिल्या वर्षी हात थरथरतो, माप चुकते, चिकटवलेले उसवावे लागते. त्याची लाज बाळगू नका, उसवलेले रबर कोणाच्या पायाला लागत नाही. चालवून पाय पाहण्याच्या त्या अर्ध्या तासात मात्र सवलत देऊ नका. निपाणीची गाडी चुकेल म्हणून लोक घाई करतात, क्वचित चिडतातही. तेव्हा मी त्यांना पुढच्या आठवड्याची वेळ देते, आणि जोड माझ्याकडेच ठेवून घेते.